सतार लावली की उतरते : खुंटीवर खडू घासण्याआधी

"ताई, काल रात्री जोड नीट लावून ठेवली होती. सकाळी बघते तर परत उतरलेली. खडू लावला, दाबून बसवली, तरी तेच. खुंटी बदलावी लागेल का?"

हा निरोप मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. (जोड म्हणजे बाजाच्या, मुख्य तारेशेजारची तार.) पाठवणारं माणूस वेगळं, मजकूर तोच. एप्रिल-मेमध्ये जास्त, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की पुन्हा. परवा आला तो माझ्याकडे दीड वर्षापासून शिकणाऱ्या एका मुलीचा. फोटोत खुंटी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी झालेली. खडूचा अर्धा तुकडा संपवला असावा.

मी तिला उत्तरादाखल एकच विचारलं : खुंटी फिरली हे तू पाहिलंस का?

तिने पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलेलं नसतं. तार उतरली म्हणजे खुंटी घसरली असं आपण धरूनच चालतो, कारण चढवताना हातात खुंटीच असते. पण तार एका टोकाला खुंटीला गुंडाळलेली असते, मधे भोकांच्या पट्टीतून, म्हणजे तारगहनातून जाते, भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर बसवलेल्या घोडीवरून उतरते, मण्यातून जाते आणि भोपळ्याच्या बुडाशी लंगोटाला, म्हणजे तार अडकवायच्या खुंटाला, फासाने अडकते. या पाच ठिकाणांपैकी कुठेही केसभर सैल पडलं तरी सूर उतरतो. आणि माझा अनुभव असा की पाचापैकी तीन वेळा तरी गुन्हेगार खुंटी नसते.

पेन्सिलीची रेष

चोर पकडायची युक्ती अगदी साधी आहे. तार सुरात लावा. मग टोक काढलेली पेन्सिल घ्या आणि खुंटीचा दांडा जिथे दांडीच्या लाकडात शिरतो तिथे एक बारीक उभी रेष मारा, अशी की अर्धी रेष खुंटीवर येईल आणि अर्धी लाकडावर. मण्याच्या खालीही तबलीवर एक बारीक ठिपका द्या. पॉलिशवर पेन्सिल उमटत नसेल तर कागदी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावून त्यावर मारा. आता सतार जागेवर ठेवून झोपा.

सकाळी तार उतरलेली असेल तर आधी रेष बघा, खुंटीला हात लावू नका. रेषेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर खुंटी फिरली. रेष अखंड असेल आणि तरी सूर उतरला असेल, तर त्या खुंटीवर खडू घासणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून गुडघ्याला बाम लावणं.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी बघून घ्या : एकच तार उतरली आहे की सगळ्या? सगळ्याच थोड्या थोड्या उतरल्या किंवा चढल्या असतील तर ती हवा आहे, दोष नाही. खोली तापली की पोलादाची तार पसरते आणि सूर खाली येतो. रंगमंचावरच्या दिव्यांखाली दहा मिनिटांत हे होतं. हवेत ओल वाढली की लाकूड फुगतं, तबली किंचित वर येते आणि तारा चढू शकतात. रात्रभर एसी लावलेल्या खोलीत ठेवलेली सतार सकाळी गच्चीलगतच्या खोलीत आणली तर ती अर्ध्या तासात वेगळीच बोलते. याला इलाज एकच, रियाजाआधी वाद्य त्या खोलीत अर्धा तास तसंच राहू द्यायचं आणि मग लावायचं. एकच तार परत परत उतरत असेल तर पुढे वाचा.

रेष जिथल्या तिथे, सूर मात्र खाली

नवी तार घातली असेल तर दोन-तीन दिवस ती उतरणारच. ती ताणून बसते, फेरे आवळतात, फास घट्ट होतो. हे लवकर उरकायचं असेल तर सुरात लावल्यावर दांडीच्या मध्यावर बोटाने तार हळूच उचला, एक-दोन सेंटिमीटर, आणि सोडा. पुन्हा लावा. असं चार-पाच वेळा केलं की अर्धं काम तिथेच होतं. बाजाच्या तारेवर आपण मींड ओढतोच, म्हणजे तार बाजूला खेचून स्वर वर नेतोच, त्यामुळे ती लवकर बसते. जोडीच्या तारेला कुणी फारसं ओढत नाही, म्हणून ती आठवडाभर कुरकुरते. नवशिक्यांची तक्रार बहुतेक वेळा जोडीचीच का असते, त्याचं एक कारण हे.

फासाचं मात्र सवयीवर जाऊ नका. लंगोटाला अडकवायचा फास हाताने करताना बहुतेक जण एक चूक करतात : एक पदर सरळ राहतो आणि दुसरा त्याच्याभोवती वेलीसारखा गुंडाळला जातो. हा फास ताण आला की सरळ पदरावरून घसरत राहतो, रोज थोडा थोडा. बरोबर पीळ म्हणजे दोन्ही पदर एकमेकांभोवती सारखे वळलेले, दोरखंडासारखे. तार दुमडून आकड्यात किंवा जाड खिळ्यात अडकवायची, दोन्ही पदर इंग्रजी व्ही आकारात फाकवून ताणून धरायचे आणि आकडा फिरवायचा, म्हणजे पीळ दोघांनाही सारखा बसतो. आठ-नऊ पीळ झाले की मग सुट्टं टोक मुख्य तारेभोवती काटकोनात तीन-चार घट्ट फेरे मारून संपवायचं. टोक नखकात्रीने नका कापू, नखकात्री बाद होते. छोटी पक्कड घ्या, आणि कापलेलं टोक आत दाबा, नाहीतर सतार पुसताना ते बोटात घुसतं. हे मला तीन वेळा झालं आहे, तिन्ही वेळा घाईत.

मग मणी. हा बारीक सूर लावण्यासाठी असतो, पण लोक त्याच्यावर खुंटीचं काम ढकलतात. आज थोडा खाली, उद्या थोडा खाली, असं करत मणी लंगोटापर्यंत सरकतो आणि मग पुढे जायला जागाच नसते. मण्याचं भोक झिजून मोठं झालं असेल तर तो वाजवताना आपोआप मागेही येतो. तबलीवरचा ठिपका यासाठीच. मणी घोडी आणि लंगोटाच्या साधारण मधोमध आणून ठेवा, मग खुंटीने जवळचा सूर गाठा आणि शेवटचा केसभर फरक तेवढा मण्यावर सोडा.

आता तारगहन. खुंटी फिरवता तेव्हा काहीच होत नाही, काहीच होत नाही, आणि मग एकदम 'टक्' करून सूर उडी मारतो, असं होतं का? तर तार खाचेत किंवा भोकात अडकते आहे. तुम्ही खुंटी पिळता तेव्हा ताण खुंटी आणि पट्टीच्या मधल्या तुकड्यातच साठतो. वाजवता वाजवता कधीतरी तार खाचेतून सुटते, दोन्हीकडचा ताण सारखा होतो आणि लावलेला सूर जातो. रेष अखंड, खुंटी निर्दोष. इथेही पेन्सिलच कामी येते. तार सैल करून खाचेतून बाजूला घ्या, मऊ शिशाची पेन्सिल खाचेत चार वेळा फिरवा, काळी भुकटी आत बसली पाहिजे. पट्टीच्या भोकातून तार जात असेल तर पेन्सिलीचं शिसं नखाने खरवडून ती भुकटी तारेवरच चोळा. घोडीच्या वरच्या पृष्ठभागावर मात्र हे करू नका. तिथे जवारी, म्हणजे तारेला गुंजता आवाज देणारा घासून केलेला उतार असतो, तिच्यावर काहीही लावायचं नाही, अगदी काहीही.

रेष तुटली आहे, खुंटीच फिरते

ठीक. आता खुंटीकडे बघू. पण तरीही खडू लगेच नको.

माझी गोष्ट सांगते. पहिली सतार घेतली त्याला तीनेक वर्षं झाली होती. बाजाची खुंटी सारखी सुटायची. खडू झाला, राळ झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून झाली. शेवटी वैतागून कोयना एक्स्प्रेसने मिरज गाठली. सतार मांडीवर, कारण सामानाच्या फळीवर ठेवायची हिंमत नव्हती. सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने खोळ काढली, खुंटीकडे पाहिलं आणि हसला. "खुंटीला काय झालंय ताई? तार बगा की तुमची." माझ्या खुंटीवर तारेचे चौदा-पंधरा फेरे होते, एकावर एक चढलेले, लोकरीच्या गुंड्यासारखे. लांबलचक तार कापून वाया का घालवायची, म्हणून मी सगळी गुंडाळली होती. त्याने तार सोडवली, कापली, चार फेरे मारले, शेजारी शेजारी, एकही दुसऱ्यावर नाही. "आता लावा." ती खुंटी पुढे दीड वर्ष हलली नाही. त्याने पैसेही घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

तर फेरे. एकावर एक चढलेले फेरे रोज आतल्या आत सरकून बसतात आणि तार सैल होते. शिवाय गुंडा जाड झाला की तार खुंटीच्या मध्यापासून लांबून ओढते, म्हणजे खुंटी उलटी फिरवायला तिला जास्त जोर मिळतो. विहिरीच्या रहाटाचं गणित आहे हे. तीन-चार फेरे पुरतात. पहिल्या फेऱ्याखाली तारेचं टोक दाबलं जाईल असं बघा, म्हणजे ते सुटत नाही. आणि जुनी तार काढण्याआधी फोनने एक फोटो काढून ठेवा, फेरे कुठल्या दिशेने होते ते दिसेल असा. नवी तार उलट्या दिशेने गुंडाळली गेली तर तिचा कोन बदलतो आणि हाताची सवयही चुकते, चढवायला जाल आणि उतरवाल.

दुसरं, खुंटी पिळण्याची रीत. सतारीची खुंटी निमुळती असते, ती फक्त घर्षणावर उभी राहते, तिला ना आटे ना दात. म्हणून फिरवताना ती सतत आत दाबत फिरवायची असते. दोन बोटांनी नाही, पूर्ण मुठीत धरून, आणि दुसऱ्या हाताने दांडीला मागून आधार देऊन. आधी सुरापेक्षा जरा खाली या आणि दाबत दाबत वर चढा. वरून खाली उतरत सूर गाठला तर खुंटी सैल बाजूने थांबते आणि मग घसरते. मुलांच्या हातात एवढा जोर नसतो. त्यांच्या सतारी लावायचं काम मोठ्यांनी करावं, त्यात कमीपणा नाही.

तिसरं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे ताण. सतारीचा सा साधारण काळी १ ला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला असतो. घरात पेटी काळी २ ला गायची सवय, म्हणून एका गृहस्थांनी सतारही तिथे चढवली होती आणि खुंट्या टिकत नाहीत म्हणून मला फोन केला. एक अर्धा स्वर वर गेलात की त्याच तारेवर ताण सुमारे १२ टक्के वाढतो, आणि हे तर दोन अर्धे स्वर झाले. तारेच्या जाडीचंही तसंच. बाजाला साधारण ०.३० मिलिमीटरची पोलादी तार चालते. गावात सतारीची तार मिळाली नाही म्हणून गिटारची ०.३३ मिलिमीटरची लावली तर तोच सूर गाठायला ताण २१ टक्के जास्त लागतो, कारण ताण जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. हाताला तीन शतांश मिलिमीटर कळत नाहीत. खुंटीला कळतात. तारांची पुडी फेकून देऊ नका, तिच्यावरचा नंबर खोळीच्या खिशात जपून ठेवा.

आता तेल. सतार वाजवणाऱ्याजवळ डबीत खोबरेल तेलाचा बोळा असतोच. डाव्या हाताची बोटं त्यावर टेकवली की मींड सुळसुळीत जाते. (पुण्यात डिसेंबरच्या सकाळी तोच बोळा मेणबत्ती होतो, तो भाग वेगळा.) आणि मग तीच बोटं घेऊन आपण खुंटी पिळायला जातो. महिन्याभरात तेल खुंटीच्या दांड्यापर्यंत मुरतं. खुंटी अगदी लोण्यासारखी फिरते आणि लोण्यासारखीच घसरते. त्यावर खडू घातला तर तेल आणि खडूचा लगदा होतो, जो आणखी वाईट. त्या मुलीच्या फोटोत मला जी पांढरी खुंटी दिसली, तिच्या कडेला पिवळसर कड होती. सतार लावून झाल्यावर तेलाला हात लावायचा. आधी नाही. वाजवताना मधेच लावायची वेळ आली तर बोटं पुसून.

खुंटी बाहेर काढून बघणं

हे सगळं तपासून झालं आणि तरी रेष तुटतेच आहे, तर खुंटी काढा. एका वेळी एकच. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर घोडीवरचा दाब जातो आणि ती जागची हलते, मग एका दुखण्याची दोन दुखणी होतात. आधीच घोडीच्या पायांभोवती पेन्सिलीने खूण करून ठेवलेली बरी.

तार उतरवा, फेरे सुटू नयेत म्हणून चिमटीत धरा, खुंटी किंचित फिरवत बाहेर ओढा. उजेडात धरून दांडा बघा. जिथे तो भोकाला टेकतो तिथे घासून चकाकी आलेली असते. ती चकाकी बांगडीसारखी पूर्ण गोल असेल तर खुंटी आणि भोक जुळलेले आहेत. आता खडू लावायला हरकत नाही. चकाकी एकाच बाजूला, डागासारखी असेल, तर खुंटी वाकली आहे किंवा भोक अंडाकृती झालं आहे, आणि ते घरी सुधारायचं काम नाही. पॉलिशपेपर घेऊन बसू नका. पॉलिशपेपरने दांडा अजून बेढब होतो आणि कारागिराला नवी खुंटी घडवावी लागते.

जुळलेली असेल तर कोरड्या सुती फडक्याने दांडा पुसा. तेल मुरलेलं असेल तर फडक्यावर थोडंसं स्पिरिट घेऊन फक्त दांडा पुसा, पॉलिश असलेल्या भागाला थेंब लागू देऊ नका, पॉलिश उडतं. पेन्सिलीवर फडक्याची पट्टी गुंडाळून भोकही आतून पुसून घ्या, जुना लगदा निघेल. वाळू द्या. मग साधा पांढरा खडू चकाकीच्या पट्ट्यावर दोन-तीनदा फिरवा. बास. रंगीत खडू नको, लाकूड रंगतं. खुंटी घालून चार-पाचदा पूर्ण फिरवा, बाहेर काढा, जादाचा खडू झटका, पुन्हा घाला. आता ती अडखळत, झटके देत फिरत असेल तर कोरड्या साबणाच्या वडीवर दांडा एकदाच घासा. खडू पकडतो, साबण सोडतो. दोघांचं प्रमाण हातानेच कळतं, दुसऱ्या-तिसऱ्या खुंटीला जमायला लागतं.

खडू हे औषध आहे, रोजचं जेवण नाही. तो बारीक पॉलिशपेपरच असतो. दर आठवड्याला घासलात तर वर्षा-दोन वर्षांत भोक मोठं होतं आणि खुंटी आत आत जाते. राळ लावली तर खुंटी जागीच चिकटते आणि मग सुटताना लाकडाचा तुकडा घेऊन सुटते. माझी ती गोष्ट झालेली आहे. फेव्हिकॉल, एम-सील, काडीपेटीच्या काडीची पाचर, या गोष्टी घरी येणाऱ्या सतारींत मी स्वतः पाहिल्या आहेत. वर्तमानपत्राची पट्टी मात्र एका संध्याकाळपुरती चालते. कार्यक्रम आहे, खुंटी सुटते आहे, दुसरा उपाय नाही, तर एकच फेरा पातळ कागद गुंडाळा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने काढा.

कुरिअरने सतार मागवलेल्यांसाठी एक सांगायचं आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरगावाहून मागवणाऱ्यांचे प्रश्न माझ्याकडेही येतात. प्रवासासाठी वाद्य तारा सैल करून पाठवतात. ते हातात आल्यावर लोक त्याच दिवशी पूर्ण चढवतात आणि रात्री सगळं उतरलं की घाबरतात. पहिल्या दिवशी एक-दोन स्वर खालीच ठेवा, दुसऱ्या दिवशी अजून वर, तिसऱ्या दिवशी सुरात. खुंट्या, घोडी, तबली सगळ्यांना एकमेकांत बसू द्या. त्यानंतर आठवड्यानेही एखादी सुटत असेल तर मग पेन्सिल काढा.

पावसाळ्यात उलटं दुखणं

जूनमध्ये निरोप बदलतो : "खुंटी फिरतच नाही." लाकूड ओल पिऊन फुगलेलं असतं. पक्कड लावू नका, खुंटीची मान मोडते. शिसवीच्या खुंटीचा मोडण्याचा आवाज एकदा ऐकलात तर विसरणार नाही. सतार दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, खोळीत सिलिका जेलच्या चार पुड्या टाका, रंग बदलला की बदला किंवा तव्यावर सुकवून घ्या. बाहेरच्या भिंतीला लागून सतार उभी करू नका, ती भिंत पावसात घाम फुटल्यासारखी ओली असते. मुंबई-कोकणातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही, त्यांना बुरशीचा वाससुद्धा पाठ असतो. मग खुंटी किंचित डावी-उजवी हलवत सोडवायची. सुटली की दांडा पुसून साबणाचा एक हात. ऑक्टोबरमध्ये तीच खुंटी सैल होईल तेव्हा साबण पुसून खडू.

तरफांचं, म्हणजे पडद्यांखालच्या आपोआप गुंजणाऱ्या तारांचं, थोडक्यात सांगते, कारण त्यांच्या बाबतीत कुणी धीर धरत नाही. तरफेची तार दांडीवरच्या बारीक भोकातून आत पोकळीत जाते आणि तिथेच खुंटीला गुंडाळलेली असते, त्यामुळे फेरे बाहेरून दिसत नाहीत. तार आत निसटली तर खुंटी पूर्ण काढायची, जुन्या पोलादी तारेच्या तुकड्याला टोकाशी बारीक आकडा करायचा, तो खुंटीच्या भोकातून आत घालून तार पकडून बाहेर ओढायची, खुंटीच्या छिद्रात ओवायची आणि दोन-तीन फेरे देऊन खुंटी परत दाबायची. पहिल्यांदा पाऊण तास लागतो. शिव्या येतात. तरफा अकरा ते तेरा असतात, पण त्यातली एखादी सैल असली तर तुमचा रियाज अडत नाही, तेवढ्यासाठी सगळ्या पिळत बसू नका.

मोकळी तार सुरात, पडदा मात्र बेसूर

हीसुद्धा 'सतार उतरते' या नावाखालीच येणारी तक्रार. मोकळी बाजाची तार मध्यमात चोख, पण गंधार वाजवला की कानाला टोचतो. पडदा सरकला आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि काही रागागणिक सरकवायचेच असतात, म्हणून ते फार घट्टही चालत नाहीत. पडदा धरून हलवा. बोटाच्या हलक्या धक्क्याने सुळकन सरकत असेल तर दोरा सैल पडलाय. जुना दोरा कापून त्याच जाडीचा नायलॉनचा दोरा घ्या, मेणबत्तीच्या मेणावरून एकदा ओढून घ्या म्हणजे पकड राहते, आणि पडद्याच्या टोकांच्या खाचांतून दांडीच्या मागून पूर्वीइतकेच पदर घेऊन गाठ मारा. इथेही आधी फोटो. गाठ मागे, अंगठा फिरतो त्या वाटेत यायला नको. मग कान लावून पडदा जागेवर आणा, ट्यूनरच्या सुईवर फार विसंबू नका.

सगळेच पडदे एकदम बेसूर वाटत असतील तर मात्र पडद्यांना हात लावू नका, घोडी हलली आहे. तपासायचं असं : बाजाच्या तारेला मधोमध बोट नुसतं टेकवून छेडा, घंटेसारखा बारीक नाद येईल ती जागा शोधा. ती बरोबर मध्य सप्तकातल्या शुद्ध मध्यमाच्या पडद्यावर यायला हवी, म्हणजे मोकळ्या मध्यमाच्या दुपटीचा मध्यम. पुढे-मागे असेल त्याच्या दुपटीने घोडी सरकवायची आहे. तारा थोड्या सैल करून, दोन्ही हातांनी, एका वेळी मिलिमीटरभर.

जवारीबद्दल मला फक्त एवढं म्हणायचंय की ती घरी करू नका. आवाज मिटला, तार नुसती 'टण्' वाजते, बाजाखाली घोडीवर खोबण दिसते, तर घोडी कोरड्या फडक्याने पुसून बघा, तार गंजलेली असेल तर बदलून बघा. तार गंजली की नाही हे कळायला पांढरा रुमाल तिच्यावरून फिरवा, काळी रेघ आली तर आली वेळ. याउपर घोडीवर कानस चालवायची नाही. मिरजेतली ही कारागिरी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सुरू झाली. त्या लोकांच्या हातात कानस कशी चालते हे एकदा समोर बसून पाहा. घोडीवर दोनदा हलकेच फिरवतात, तार छेडतात, मान हलवतात, पुन्हा एकदा. तासाभराच्या त्या कामात जितकी हाडाची भुकटी निघते तितकी आपण पहिल्या झटक्यात काढतो.

त्या मुलीचा निरोप काल आला. खुंटी स्पिरिटने पुसली, खडू नाही, फेरे अकराचे चार केले, पेन्सिलीची रेष मारली. दोन रात्री तार जागेवर राहिली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाव स्वर खाली. सोबत फोटो होता. रेष अखंड. मी म्हटलं, आता सतार उलटी धर आणि लंगोटाकडचा फोटो पाठव. आला. एक पदर सरळ, दुसरा त्याच्यावर वेलीसारखा.

आकडा शोधतेय, म्हणाली. मी म्हटलं, भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा चालेल.